चेनसॉचा कट वाकडा जातोय? आधी भुगा बघा, मग दात, मग बार

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दापोलीकडच्या वाड्यांमध्ये पाय टाकायला वाट उरली नव्हती. माड, पोफळी, आजोबांच्या हातचे हापूस, सगळं एकमेकांवर आडवं. कुऱ्हाडीने ते वर्षभर हटलं नसतं. मिळेल ते मशीन उचललं आणि शिकता शिकताच कामाला लागलो. चार दिवस सुरेख चाललं. पाचव्या दिवशी आंब्याच्या एका बुंध्यात बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पोलादी पट्टी) सरळ घातला आणि निम्म्यावर पोचेस्तोवर तो डावीकडे असा वळला, की कटाची रेघ केळ्याच्या आकाराची झाली. बार तिथेच अडकला. पाचर मारून काढला, बाजूला पुन्हा घातला. पुन्हा डावीकडे.

मला वाटलं, माझाच हात वाकडा पडतोय. शेजाऱ्यांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. दुकानदाराने न बघताच 'चेन संपली' म्हणून नवी चेन गळ्यात मारली. नवी चेनही डावीकडेच. शेवटी घरी उडालेली कौलं आणि दारं नीट करायला आलेल्या मेस्त्रींनी बार सुटा करायला लावला, पुसून घेतला, स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर कडेवर उभा धरला आणि हलकेच सोडला. बार एका अंगाला कलला. मेस्त्री म्हणाले, "रूळच खाली-वर असतील तर गाडी सरळ कशी जाईल?"

चेनचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून एक क्रम ठरवून घेतलाय आणि नवीन मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगतो: काहीही विकत घेण्याआधी भुगा बघायचा, मग दात, मग दातांपुढचे उंचवटे, मग बार. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कट सरळ होईलही, पण दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

आधी मशीन थंड करा

इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात जाड मोजे. चेन थांबलेली असली तरी दात हाताला लागला की मांस उचलतो, नुसती कातडी नाही. कामाला फार काही लागत नाही: चेनच्या मापाची गोल कानस, एक चपटी कानस, डेप्थ गेजची (दातापुढचा उंचवटा तपासायची) पट्टी, मार्कर पेन, सुताराचा गुण्या आणि जमलं तर एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन). बार पकडायला वाईस असला तर उत्तम. वाडीत वाईस कुठला मिळणार? एखाद्या ओंडक्यात मशिनानेच दोन-तीन इंच खोल खाच पाडायची आणि बार त्यात चेपून बसवायचा. काम भागतं.

गोल कानस चेनच्या मापाचीच हवी. ते माप चेनच्या पिचवरून, म्हणजे तिच्या रिव्हेटांमधल्या अंतरावरून ठरतं. पिच मोजायचं तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांचं पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि निम्मं करा. सव्वाआठ मिलिमीटर आलं तर ती ०.३२५ इंची चेन, तिला ४.८ मिलिमीटरची कानस. छोट्या घरगुती मशिनांवर ३/८ इंच लो-प्रोफाइल (बुटकी) चेन असते, तिला ४ मिलिमीटरची. मोठ्या मशिनांच्या पूर्ण ३/८ चेनला ५.५ किंवा ५.२ मिलिमीटरची, कंपनी सांगेल ती. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या ५८ सीसीच्या मशिनांवर बहुधा ०.३२५ चेन असते. पण अंदाजावर जाऊ नका. बारच्या मागच्या टोकाशी पिच, खाचेची रुंदी (तीच चेनची जाडी) आणि चेनच्या खालच्या, खाचेतून धावणाऱ्या दातांची संख्या ठोकलेली असते. तेल-मळ पुसला की दिसते.

पायरी १: भुगा हातात घ्या

ही सगळ्यात स्वस्त तपासणी आणि सगळ्यात खरी. धारदार चेन लाकूड खरवडत नाही, तासते. आडव्या कटातून रंध्याखालून निघतात तशा बारीक चपट्या कपच्या पडल्या पाहिजेत. मुठीत घेतल्या तर टोचतात. त्याऐवजी बोटांत गव्हाच्या पिठासारखं काही लागलं, कपड्यांवर धूळ बसायला लागली, तर धार गेली. अशा वेळी मशीन स्वतःहून लाकडात उतरत नाही, वरून रेटावं लागतं. थोड्या वेळाने जळका वास येतो, कधी कटातून धूरही निघतो. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

इथे दोन ठिकाणी नवशिके फसतात. सुकून खडखडीत झालेलं लाकूड, मेलेला आंबा किंवा वाळवी लागलेला फणस असेल, तर नव्या चेनमधूनही बारीक भुगाच पडतो. आणि ओंडका उभा चिरताना, म्हणजे रेषांच्या दिशेने कापताना, शेवयांसारखे लांब धागे निघतात. त्यावरून धारेबद्दल काही ठरवू नका. परीक्षा घ्यायची ती ओल्या लाकडावर, आडव्या कटात.

आणखी एक गोष्ट बघा. जिथून भुगा जास्त उडतोय तिथे चेन कामाला लागलेली आहे. कटात बार घालून मधेच थांबा, इंजिन बंद करा आणि कटाच्या दोन्ही भिंती बघा. एक भिंत गुळगुळीत आणि दुसरी खडबडीत, ओरखड्यांनी भरलेली असेल, तर एका बाजूचे दात काम करतायत आणि दुसऱ्या बाजूचे नुसते घासत चाललेत.

पायरी २: दात, एकेक करून

चेनवर कापणारे दात एकआड एक डावे आणि उजवे असतात. डाव्या दाताचं पातं डावीकडे वळलेलं, उजव्याचं उजवीकडे. चेन फिरून खाली गेली तरी डावा दात डावीकडेच राहतो. मशीन हातात धरून मागे उभं राहिल्यावर जी डावी, ती डावी. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे: कट नेहमी जास्त धारेच्या, जास्त लांब दातांच्या बाजूला ओढला जातो. उजवे दात बोथट असतील तर कट डावीकडे जाणार. 

आता धार ओळखायची कशी? बोटाने नाही. मशीन उन्हात न्या, किंवा मोबाईलचा टॉर्च वरून मारा, आणि पात्याची पुढची कड बघा. धारदार कडेला रुंदीच नसते, म्हणून तिथून उजेड परतत नाही. कड काळी दिसते. बोथट कडेवर केसाएवढी पांढरी चकचकीत रेघ दिसते. ती रेघ म्हणजे गोलसर झालेली धार. दाताचा वरचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात नीट बघा. लाकडाशी पहिली गाठ त्याचीच पडते आणि दगडावर पहिला तोच जातो. बाकी सगळी कड चांगली आणि कोपरा तेवढा घासलेला असेल, तर तो दात बोथटच समजायचा.

एका चेनवर तीस-पस्तीस दात असतात. सगळे बघायचे. पहिल्या दातावर मार्करने खूण करा, नाहीतर चेन सरकवता सरकवता कुठून सुरू केलं ते विसरायला होतं. माझं हे अजूनही होतं.

एकाच बाजूचे दात का जातात, तेही सांगतो. पडलेल्या झाडाचा बुंधा जमिनीलगत कापताना बार आडवा धरलेला असतो. अशा वेळी एका बाजूचे दात मातीकडे आणि दुसऱ्या बाजूचे आभाळाकडे असतात. आपल्या जांभ्याच्या जमिनीत चेन एकदा टेकली की मातीकडचे दात गेले, वरचे शाबूत. दहा सेकंदांत कट वाकडा. किनाऱ्यावरच्या वाड्यांत सालीत वाळू बसलेली असते. माडाचा बुंधा बाहेरून आधीच कठीण, वर त्यात सिलिकाचे बारीक कण, त्यामुळे माड कापताना चेन आंब्यापेक्षा लवकर जाते हे गृहीतच धरा. जुन्या कुंपणाकडेच्या झाडांत तर काटेरी तार आत गिळलेली असते. वादळानंतर एका आंब्यात मला तार, खिळा आणि सायकलच्या साखळीचा तुकडा, तिन्ही मिळाले. तेही एकाच कटात.

आता लांबी. प्रत्येक दाताच्या वरच्या पत्र्याची लांबी व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नसेल तर बोल्ट-नटाचं जुगाड चालतं: नट सरकवून एका दाताच्या मापावर पक्का करायचा आणि तेच माप दुसऱ्या दाताला लावून बघायचं. डावे सगळे सात मिलिमीटर आणि उजवे सहा असतील तर चेन वाकडीच कापणार, मग प्रत्येक दात कितीही धारदार असो. लांब दात उंचही असतो, कारण पत्र्याला मागे उतार असतो. त्यामुळे तो लाकडात जास्त खोल शिरतो.

कानस मारताना चूक कुठे होते

खरं सांगायचं तर वाकड्या कटांपैकी बरेचसे आपणच कानशीने तयार केलेले असतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याला एका बाजूचे दात सोयीचे पडतात. तिथे हात सरळ जातो, जोर लागतो. दुसऱ्या बाजूला मनगट मुरडतं, कानस निसटते, कोन बदलतो. पाच-सहा वेळा धार लावून झाली की एका बाजूचे दात आखूड होतात. कोयती पाजळणाऱ्या हाताला वाटतं की धार म्हणजे धार. पण कोयतीला एकच पातं असतं, इथे तीस आहेत आणि सगळ्यांनी सारखं असायला हवं.

म्हणून क्रम असा:

सगळ्यात आखूड आणि सगळ्यात खराब दात शोधा. तो नीट करायला किती घासावं लागतं ते आधी बघा. बाकी सगळे दात त्याच लांबीवर आणायचे. जिवावर येतं, चांगला दात घासताना वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नाही.

कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची. पुढे जाताना दाब, परत येताना उचलून घ्यायची. मागे ओढताना घासली तर कानशीचे दात जातात आणि धारही पडते. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. मशीन फिरवा म्हणजे हात तोच राहतो, हा त्यातला मुद्दा आहे. वरच्या पत्र्यावर बहुतेक चेनना ३० अंशांची तिरकी रेघ आखलेली असते, कानस तिला समांतर. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. मी तीन मारतो, खराब असेल तर पाच. मोठ्याने मोजतो. लोक हसतात, पण फोन वाजला की मनातला आकडा जातो.

कानशीची उंची फार महत्त्वाची. तिच्या जाडीचा साधारण पाचवा भाग दाताच्या पत्र्यावर दिसायला हवा. कानस खाली दाबली गेली तर पातं आकडीसारखं वळतं, अतिशय तीक्ष्ण होतं, लाकडाला हिसके देतं आणि तासाभरात बोथट होतं. कानस फार वर राहिली तर पातं मागे कलतं आणि लाकडात शिरतच नाही. मग आपण रेटतो आणि रेटल्यामुळे चेनचा तळ आणि बारच्या कडा घासत जातात. म्हणजे कानशीची चूक पुढे जाऊन बारवर निघते. पहिल्या वर्षी तरी कानशीला लावायचा मार्गदर्शक, ती रोलरवाली पट्टी मिळते ती, वापराच. हात बसला की सोडून द्या.

पांढरी रेघ पूर्ण गेली की थांबा.

पायरी ३: दातापुढचा उंचवटा

प्रत्येक दाताच्या पुढे गोल माथ्याचा एक उंचवटा असतो. त्याला डेप्थ गेज म्हणतात. दाताने एका वेळी किती जाड कपची काढायची ते हा ठरवतो. बहुतेक चेनवर तो पात्याच्या कडेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असतो. सुताराच्या रंध्यातलं पातं किती बाहेर काढायचं, तसाच हा हिशेब.

दाताला कानस मारत गेलं की दाताची उंची उतरते, उंचवटा मात्र होता तिथेच राहतो. मग एक विचित्र गोष्ट दिसते: दात लखलखीत धारदार, तरी भुगा पिठासारखा. नवशिका पुन्हा दातच घासत बसतो. तीन-चार वेळा धार लावली की गेजची पट्टी चेनवर ठेवा. पट्टीच्या खाचेतून उंचवटा वर डोकावत असेल तर चपट्या कानशीने तेवढाच काढा आणि पुढची कड पुन्हा गोलसर करा.

इथेही दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एका बाजूचे उंचवटे जास्त खाली गेले तर त्या बाजूचे दात मोठे घास घेतात आणि कट तिकडे वळतो. 'जरा जास्त घासलं की मशीन पळतं' असं सांगणारे गावोगावी भेटतील. पळतं खरं. पण हिसके देतं, आणि बारचं नाक, म्हणजे पुढचं टोक, लाकडात लागलं की मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. पट्टीशिवाय, नुसत्या नजरेने उंचवटे घासू नका. या लेखातलं एवढं एकच वाक्य मी दरडावून सांगतोय असं समजा.

पायरी ४: बार

दात सारखे, लांबी सारखी, उंचवटे सारखे, तरी कट वाकडा? मग आता बार. खरं तर माझ्यासारखं नव्या चेनवरही कट त्याच बाजूला जात असेल, तर थेट इथेच या.

पहिली चाचणी फुकटची आहे. बार काढा, उलटा करा, म्हणजे वरची कड खाली, आणि तीच चेन चढवून कट घ्या. चेनची दिशा मात्र नीट बघा: बारच्या वरच्या बाजूने जाताना पात्यांची तोंडं नाकाकडे हवीत. कट अजून त्याच बाजूला, तेवढाच वळत असेल तर दोष चेनमध्ये. कट सरळ झाला किंवा दुसरीकडे वळायला लागला, तर दोष बारमध्ये. पाच मिनिटांत निकाल.

बार म्हणजे चेनचे रूळ. दोन कडा आणि मधे खाच. चेन कडांवरून घसरते आणि तिचे खालचे दात खाचेतून धावतात. झीज तीन प्रकारची होते.

एक, दोन कडांची उंची वेगळी होते. यासाठी मेस्त्रींची ओट्यावरची चाचणी. काच, ग्रॅनाइट, सपाट फरशी, काहीही चालेल. खाच पुसून बार कडेवर उभा करा. बार किंचित बाकदार असतो, म्हणून लांबीच्या दिशेने थोडा डुलेल, ते सोडा. डावी-उजवीकडे कलतोय का तेवढं बघा. किंवा बारच्या अंगाला गुण्याचा दांडा टेकवा आणि पट्टी कडांवर ठेवा. दोन्ही कडांना पट्टी एकदम लागली पाहिजे. एकीखालून उजेड आला तर ती कड खाली गेलेली.

दोन, खाच रुंदावते. चेन बारवर चढवलेली असताना मोजे घालून एखादा दात धरा आणि बाजूला हलवून बघा. किंचित हलणं ठीक. दात झोपल्यासारखा कलत असेल तर खाच गेली. गुण्याची पट्टी दाताच्या बाजूला आणि बारच्या अंगाला एकदम टेकवूनही कळतं: पट्टी आणि बार यांच्यात फट राहिली तर ठीक, पट्टी बारला पूर्ण चिकटली तर चेन कलते आहे. हे दोन्ही बाजूंनी करा. आणि एक बाजारी घोळ लक्षात ठेवा: १.५ मिलिमीटरच्या खाचेत १.३ ची चेन मजेत बसते, फिरते, आणि पहिल्याच दिवसापासून डगमगते. दुकानदाराकडे चेन मागताना 'वीस इंची द्या' एवढंच सांगितलं की हे होतं. पिच, जाडी, खालच्या दातांची संख्या, तिन्ही सांगायचे.

तीन, कडा बाहेरच्या अंगाला सांडतात. नखाने जाणवेल अशी पातळ धारदार झालर तयार होते. ती कटात घासते, बारला अडवते, आणि हातही कापते. कडांवर निळसर पट्टे असतील तर तिथे तेल पोचलं नाही आणि लोखंड तापलं. एका डोळ्याने बारच्या कडेवरून, फळी बघतात तसं, टोकापर्यंत बघून घ्या. अडकलेला बार मशिनासकट पिळून काढला असेल, तर तो वाकलेला असू शकतो.

इलाज. झालर चपट्या कानशीने बाजूने काढून टाका. उंची वेगळी असेल तर बार वाईसमध्ये धरा, कानस एका चौकोनी लाकडी ठोकळ्याला बांधून बारशी काटकोनात ठेवा आणि दोन्ही कडा एकदम घासा, उंच कड खालच्या कडेपर्यंत येईतो. नाकाशी घासू नका. पण हे दोन-तीनदाच जमतं, कारण प्रत्येक वेळी खाच उथळ होते. ०.३२५ चेनला खाच किमान ६ मिलिमीटर खोल हवी, ३/८ लो-प्रोफाइलला ५. त्याहून कमी झाली की खालचे दात तळाला टेकतात, चेन कडांवरून उचलली जाते आणि डुलते. रुंदावलेली खाच हातोडीने ठोकून आवळायचा उद्योग मी करून बघितलाय. एक दिवस चालली. दुसऱ्या दिवशी चेन मधेच अडकली. नवा बार आणा.

राहिलेल्या गोष्टी, भराभर

चेनचे खालचे दात बघा. त्यांचं टोक अणकुचीदार असतं, खाचेतला कचरा तेच बाहेर काढतं. टोक बोथट, चेपलेलं दिसलं तर एकतर खाच उथळ आहे किंवा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजलंय. बाजूचं कव्हर काढून स्प्रॉकेटवरच्या खुणा बघा. अर्ध्या मिलिमीटरहून खोल चरे पडले असतील तर बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर चेन लवकर संपते. दोन चेनना एक स्प्रॉकेट असा हिशेब धरा.

ताण: बारचं नाक वर उचलून धरूनच नट आवळायचे. खालून चेन लोंबता कामा नये आणि हाताने सहज ओढता आली पाहिजे. गरम चेन ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करा. थंड होताना ती आवळते आणि सगळा ताण इंजिनाच्या बेअरिंगवर येतो.

तेल: बारचं नाक पुठ्ठ्याच्या तुकड्यासमोर, न टेकवता, धरून थोडा वेग द्या. पुठ्ठ्यावर तेलाच्या शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर बारचं तेलाचं भोक आणि खाच साफ करा. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घालू नका. गॅरेजवाला फुकट देतो हे खरं, पण त्यातले धातूचे कण पंपाला आणि कडांना खातात.

चेन टाकून कधी द्यायची? दाताच्या मागच्या भागात झिजेची खूण असते. तिथपर्यंत घासून झालं किंवा दाताचा पत्रा जेमतेम ३-४ मिलिमीटर उरला की संपली. एखादा दात तुटला, रिव्हेट सैल झाला किंवा कुठे तडा दिसला तर त्याआधीच. तुटकी चेन पुढच्याला कुठे लागेल ते सांगता येत नाही.

शेवटी चाचणीचा कट

हे सगळं झाल्यावर तडक झाडावर जाऊ नका. वीतभर जाडीचा, ओला, सरळ ओंडका घ्या, दोन टेकूंवर नीट ठेवा. सालीवर गुण्याने रेघ मारा. हेल्मेट, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा, कानाला मफ, पायाला बूट. इंजिन पूर्ण वेगात, आणि मशिनाच्या वजनाने जेवढं उतरेल तेवढंच उतरू द्या. रेटायचं नाही, मनगटाने दिशा द्यायची नाही. तुम्ही हाताने सरळ केलंत तर चाचणी कसली? चकती पडली की तिच्या अंगाला गुण्या लावा. उजेड दिसला नाही तर जमलं. दिसला तर कुठल्या बाजूला गेलं ते मार्करने चकतीवरच लिहा आणि पायरी २ वर परत या.

ओंडका दोन्हीकडून दबलेला असेल तर कट मिटतो आणि बार धरला जातो. तो चेनचा दोष नाही. त्यासाठी पाचर. आणि चाचणीच्या नादात उभ्या झाडाला हात लावू नका. आंबा, फणस, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आपल्या मालकीची असली तरी तोडायला परवानगी लागते.

जुन्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनासाठी फांद्या छाटणारे असाल तर सरळ कटाचं महत्त्व तुम्हाला वेगळं सांगायला नको. लाटांसारखा, खडबडीत कट राहिला की त्याच्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं, आणि वरून कितीही बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली तरी ती सगळीकडे पोचत नाही.

माझ्या आत्ताच्या बारवर एका अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका आहे. सम तारखेला ठिपका बाहेर, विषम तारखेला आत, रस्त्यावरच्या पार्किंगसारखं. त्यामुळे बार उलटायचा राहत नाही आणि दोन्ही कडा सारख्या झिजतात. चार वर्षं झाली, ओट्यावर अजून सरळ उभा राहतो.